चौथ्या बाजूवरचं गाऱ्हाणं

"छान झालाय," म्हणाले मी. छान! जीभ झडायला हवी होती माझी. माणूस सहा वर्षं एका गोष्टीमागे स्वतःला जाळतो, शनिवारी सकाळी चहाचा कप हातात धरून बायकोला विचारतो, "ऐकलास ना काल सगळा? खरं सांग, कसा झालाय?" आणि बायको म्हणते छान. पोहे छान झालेत, पडदे छान आहेत, तुझा डबल अल्बम छान झालाय. सुबोधने कप खाली ठेवला. आपटला असता तर बरं झालं असतं, मी पण वर आवाज चढवला असता आणि दोघं मोकळे झालो असतो. पण त्याने तो इतका हळू ठेवला की बशीवर आवाजसुद्धा झाला नाही. "छान म्हणजे?" त्याने विचारलं. "म्हणजे छान रे. मोठा झालाय." "मोठा," तो म्हणाला, आणि उठून खिडकीशी गेला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "संध्याकाळी फाइल्स पाठवतोय. तबकडी एकदा छापायला गेली की संपलं, परत हात लावता येत नाही. तू नको म्हणालीस तर नाही पाठवणार, गंधाली. पण मग पुढे मी काय करेन ते मला विचारू नकोस." चपला घातल्या आणि गेला. मिठागराकडे गेला असणार. आमच्या मुलुंड पूर्वेला डोकं फिरलेल्या माणसाला जायला तेवढीच एक मोकळी जागा आहे. मी गॅलरीतून वाकून बघितलं, त्याची पाठ दिसली. हा माणूस महिनाभर नीट जेवलेला नाही. रात्री भिंतीकडे तोंड करून पडून राहतो, हाक मारली तर 'हं' म्हणतो. आणि त्याला मी छान म्हणाले.

आता खरं सांगायचं तर मला सांगता येतं. तोच तर वांधा आहे. मालाडच्या एका स्टुडिओत मी मालिकांचं एडिटिंग करते. सासू वळली की ढॅण, सून वळली की ढॅण, दोघी गप्प बसल्या की वरून बासरी. प्रेक्षकाला अर्ध्या सेकंदाची शांतता मिळाली तर तो चॅनल बदलेल अशी धास्ती असते वरच्या लोकांना, म्हणून जिथे जिथे जागा दिसेल तिथे तिथे संगीत कोंबायचं. पंधरा वर्षं हेच करतेय, त्याचाच पगार घेते. त्यामुळे कोंबलेलं संगीत मला झोपेत ऐकवलं तरी ओळखता येईल. काल रात्री हेडफोन लावून मी 'चौथी पाळी' ऐकायला बसले तेव्हा ते ओळखायची माझी अजिबात इच्छा नव्हती. देवाशप्पथ नव्हती. मला वाटत होतं, रडू यावं, उठून त्याच्या गळ्यात पडावं, म्हणावं, सुब्या, जिंकलास रे. दोन तबकड्या, चार बाजू. गिरणीत पाळ्या तीन असायच्या, त्याच्या वडिलांनी तिन्ही केल्या, पहिली, दुसरी आणि रातपाळी. चौथी बाजू म्हणजे गिरणी बंद झाल्यावरची, जिला भोंगा नाही आणि सुट्टीही नाही. ही कल्पना त्याला सुचली तेव्हा आम्ही घाटकोपरला माझ्या माहेरी जेवत होतो. हातातला घास तसाच ठेवून त्याने ती मला सांगितली, आणि माझ्या अंगावर काटा आला होता. माझे वडील म्हणाले, "रॉक बँडमध्ये गिरणी कशाला हवी?" आयुष्यभर बँकेत गेलेल्या माणसाला ते कसं कळणार, पण मला कळलं होतं. तेव्हा मी त्या कल्पनेच्या प्रेमात होते. अजूनही आहे. कल्पनेला कुठे काय झालंय.

पहिली बाजू तर काय सांगू. एकच बेस गिटार, एकाच सुरावर, थांबत नाही, थकत नाही, साचेखात्यात शंभर साचे, म्हणजे माग, चालू असताना पायाखालची फरशी थरथरायची असं सुबोधचे बाबा सांगायचे ती थरथर. त्यावर सुबोधचा आवाज, खालच्या पट्टीतला, बोलल्यासारखा. किती तरी वेळ व्हायोलिन नाहीच. ऑर्केस्ट्रा आहे आहे म्हणून ऐकणारा वाट बघतो, आणि तो येत नाही, आणि मग एक चेलो, एकच, दारातून कोणी तरी वाकून आत बघावं तसा येतो. हे जमायला हिंमत लागते यार. खानावळवालीचं गाणं तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. डबे घासता घासता ती चाळीतल्या पुरुषांची नावं घेते, कोणाला डाळ चालत नाही, कोणाला भाकरी जाड लागते, बस्स, इतकंच गाणं, आणि शेवटी एका डब्याचं नाव ती घेत नाही. दुसऱ्या बाजूवर संप आहे. तिथे त्याने चाळीस वादकांना काही वाजवूच दिलं नाही, फक्त वाद्यं सुरात लावायला लावली. ती सगळी किरकिर, खरखर, एकमेकांवर चढलेले सूर, आणि तो झाला गिरणीच्या गेटवरचा जमाव. कोणाला सुचलं असतं हे? मी काल तिथे हेडफोन काढून त्याच्याकडे बघितलं होतं. तो भिंतीकडे तोंड करूनच पडला होता. तेव्हाच उठवायला हवं होतं त्याला, तेव्हा मनापासून सांगितलं असतं, आणि पुढचं ऐकलंच नसतं.

कारण तिसऱ्या बाजूपासून वाट लागली. एकदम नाही, हळूहळू. गिटार जे वाजवते तेच व्हायोलिन वाजवतात, व्हायोलिन जे वाजवतात तेच मागचा कोरस गातो. सगळे मिळून एकच गोष्ट सांगतात आणि तीही ओरडून. दर गाण्याचा शेवट म्हणजे डोंगर चढायचा, वर गेलं की कळतं अजून एक डोंगर आहे. शब्द मोठे होत जातात. खानावळीत डाळ होती, इथे काळोख आहे, रक्त आहे, इतिहास आहे. एका शाळेतली मुलं आणून त्यांच्याकडून 'आम्ही उद्याचे' की काय असं गाऊन घेतलंय, ते ऐकताना मला आमच्या चॅनलचा पंधरा ऑगस्टचा कार्यक्रम आठवला आणि मी घाबरून आवाज कमी केला, जणू तो मला ऐकू येईल. सुबोध वरच्या पट्टीत जातो, तिथे त्याचा आवाज फाटतो, फाटू दे, फाटलेला आवाजही चालतो, पण त्याने त्यावर तारांचं जाडजूड पांघरूण घातलंय. पहिल्या बाजूची बेसची धून चार वेळा परत येते, दर वेळी जास्त नटून. अल्बम तीन वेळा संपतो. तिसऱ्यांदा संपला तेव्हा मी म्हटलं, बाई गं, आता तरी. आणि पहिल्या बाजूवरही, मी परत जाऊन ऐकलं, मला आठवत होत्या त्या रिकाम्या जागा त्याने आता भरून टाकल्यात. थोड्या थोड्या. कोणाच्या लक्षात येणार नाही इतपत. पण मी दोन वर्षांपूर्वी ते गाणं त्या जागांसकट ऐकलं होतं. भाजी आणायला जाताना मी त्या जागांमध्ये श्वास घ्यायचे. आता तिथे कोणी तरी बसलंय.

कधीपासून, हे मला माहीत आहे. त्यालाही माहीत आहे. आम्ही दोघं ते बोलत नाही.

अंधेरीच्या स्टुडिओत तो रविवार. व्हायोलिनवाले आले होते, कोणी वसईचे, कोणी वाकोल्याचे, एक तर थेट पनवेलहून. चौथ्या बाजूचा शेवट बाबांच्या गाऱ्हाण्याने व्हायचा होता. धोंडिराम, माझे सासरे, परळच्या चाळीत गणपती असो, कोणाचं लग्न असो, गावाला जायची एसटी सुटायची असो, गाऱ्हाणं घालायला बाबाच. हातात नारळ घ्यायचा, डोळे मिटायचे, आणि देवाला हक्काने सांगायचं, हे कर रे म्हाराजा, ते सांभाळ रे म्हाराजा. आणि दर मागण्यानंतर जमलेल्या सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचं, 'व्हय म्हाराजा!' लग्न होऊन आले तेव्हा मला हसू यायचं. आमच्या घाटकोपरच्या घरात देवाशी सगळे हळू आवाजात आणि शुद्ध बोलायचे. मग एकदा गणपतीत त्या पंचवीस-तीस माणसांच्या 'व्हय' मध्ये उभी राहिले आणि माझ्या छातीत काही तरी हललं. तरी मला तोंडाने म्हणता येईना. ओठ नुसते हलवायचे मी. आपण त्यांच्यातले नाही, नाटकी वाटेल, असं काही तरी. तर त्या रविवारी बाबा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले, नारळ घरून आणला, कारण स्टुडिओतला नारळ कुठला कोण जाणे. सुबोधचा मित्र केतन रेकॉर्डिंग करत होता. त्याने सगळ्यांना दम दिला, "लाल दिवा लागला की शिंकायचं पण नाही हां. खुर्ची करकरली तरी टेक गेला." सुबोधचा बेत असा होता की आधी एकट्या बाबांचा आवाज स्वच्छ घ्यायचा, 'व्हय म्हाराजा' नंतर वेगळं घ्यायचं, गावची चांगली पन्नास माणसं गोळा करून. हे सगळं बाबांना सांगितलंही होतं. त्यांनी मान पण हलवली होती.

लाल दिवा लागला. बाबांनी डोळे मिटून पहिलं मागणं घातलं आणि थांबले. कोणी काही म्हणालं नाही. व्हायोलिनवाले श्वास रोखून बसलेले. बाबांनी डोळे उघडले. मी काचेच्या अलीकडे होते, मला त्यांचा चेहरा समोर दिसत होता. त्यांनी एकेकाकडे बघितलं. गाऱ्हाणं घालताना बाबांनी डोळे उघडलेले मी कधी पाहिले नव्हते. मग त्यांनी काचेतून सुबोधकडे बघितलं, आणि सुबोधने अंगठा दाखवला. झकास, पुढे चला. बाबा पुढे गेले. दुसरं मागणं, आणि थांबले. दर वेळी थांबले, पूर्ण थांबले, सवयच ती सगळ्या जन्माची. आणि दर वेळी चाळीस माणसं त्यांच्याकडे गप्प बघत राहिली. परत येताना रिक्षात नारळ मांडीवर होता. पवईपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कोणी व्हय म्हणाक नाय." सुबोध हसला, "अहो बाबा, ते नंतर टाकणार आहोत, सांगितलं ना." "व्हय, सांगितलंस," बाबा म्हणाले. नारळ आईंनी, म्हणजे माझ्या सासूने, मालनने, फोडलाही नाही, वापरलाही नाही, काही दिवस देवापुढे राहिला आणि मग दिसेनासा झाला. त्याच महिन्यात एका सकाळी बाबा दाढी करताना खाली बसले ते उजवी बाजू लुळी घेऊनच उठले. आणि बोलणं गेलं. सगळं गेलं, एक शब्द राहिला. 'मगे'. मालवणीत मग, पुढे काय, असं. भूक लागली तरी 'मगे', दुखलं तरी 'मगे', सुबोध घरी आला की 'मगे?' असं वर जाणारं. डॉक्टरीण म्हणाली, असं होतं, कधी कधी पाठ असलेलं आपोआप येतं, आरती, अंक, शिव्यासुद्धा, प्रयत्न करत राहा. आम्ही आरत्या म्हटल्या, पाढे म्हटले. शिव्या देऊन बघितल्या, त्या सुबोधने दिल्या, आई पदर तोंडाला लावून हसल्या. बाबा म्हणाले, "मगे." आईंनी फक्त एकदा कणीक मळता मळता खाली बघून म्हटलं होतं, "गाऱ्हाण्याक व्हय म्हणूचा लागता गो. नायतर ता तसाच लोंबकाळत रवता." सुबोध दारात उभा होता. त्याने ऐकलं. त्या आठवड्यापासून त्याने जागा भरायला सुरुवात केली. पन्नास माणसं कधी गोळा केली नाहीत. मला म्हणाला, माणसांचा आवाज तिथे छोटा पडेल, तिथे ऑर्केस्ट्राच उत्तर देईल. आणि मी काय म्हणाले असेन? छान म्हणाले असेन.

तर आज दुपारी तो मिठागरावर फिरत होता, आणि मी त्याच्या कॉम्प्युटरपुढे येऊन बसले. का बसले? काल मी सगळं ऐकलं होतं, चौथ्या बाजूचा शेवटही. बाबांचा आवाज येतो, 'रे म्हाराजा' म्हणून वर जातो, आणि तो पुरता विरायच्या आत सगळे व्हायोलिन तुटून पडतात. दर वेळी. जीव नकोसा होतो. जगात बाबांचा आवाज आता तेवढाच उरलाय. लग्नाच्या कॅसेटी महापुरात गेल्या, फोनवर कोणी कधी रेकॉर्ड केलं नाही. आणि संध्याकाळी तो तसा व्हायोलिनखाली चेपून छापला जाणार, कायमचा. मी नको म्हटलं तर सुबोधचं काय होईल ते मला माहीत नाही. मी हो म्हटलं तर काय होईल ते माहीत आहे. मग मी मला येतं ते केलं. व्हायोलिन बंद केले. चेलो बंद. ड्रम, कोरस, ती शाळेतली मुलं, एकेकाचं तोंड बंद करत गेले. शेवटी एकच पट्टी राहिली. पडद्यावर बाबांच्या आवाजाचे उंचवटे, आणि मध्ये मध्ये सपाट रेघ. इतकी लांब रेघ मालिकेत असती तर मला नोकरीवरून काढलं असतं. हेडफोन लावायचं माझ्या मनात होतं. का कोणास ठाऊक, नाही लावला. बाबा गॅलरीच्या दारात खुर्चीवर होते, उन्हात पाय सोडून. आई आत तांदळाची उकड मळत होत्या. मी स्पीकर चालू केला.

"बा देवा म्हाराजा! गावाक सोडून मुंबैक इलेली ही लेकरा, तेंका दोन येळचा पोटाक मिळाला, ता तुज्याच किरपेन. अशीच तेंची राखण कर रे म्हाराजा!" आणि मग काही नाही. पंखा. खालच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी. बाबांची मान वर आली. आतलं मळणं थांबलं. मला वाटलं बंद करावं, हे काय करून बसले मी. तेवढ्यात दुसरं आलं, "गिरण्ये बंद पडले, हात थांबले, पण कोणाच्या दारात हात पसरूची येळ इली नाय. पुढेव ती येळ आणू नको रे म्हाराजा!" परत ती रेघ. आणि गॅलरीच्या दारातून, खुर्चीतून, वर्ष-दीड वर्षात ज्या तोंडातून एकच शब्द आला त्या तोंडातून, स्पष्ट, जाड, पूर्ण आलं, "व्हय म्हाराजा." मी वळले. बाबा माझ्याकडे बघत नव्हते. समोर बघत होते. ज्यांनी आयुष्यभर गाऱ्हाणं घातलं, ज्यांना उत्तर नेहमी दुसऱ्यांनी दिलं, ते स्वतःच्या गाऱ्हाण्याला स्वतः व्हय म्हणत होते, कारण तिथे दुसरं कोणी म्हणायलाच नव्हतं. आई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, दोन्ही हातांना पीठ. आणि त्यांच्या मागे, बाहेरच्या दाराशी, चपला पायातच, सुबोध. कधी आला होता कोण जाणे. त्याने ऐकलं होतं.

मला वाटलं तो आता बाबांकडे धावेल, पायावर डोकं ठेवेल, रडेल. तो धावला, पण माझ्याकडे. "रेकॉर्ड केलंस?" म्हणाला. "काय?" "आता म्हणाले ते! घेतलंस का?" "सुबोध, अरे बाबा बोलले!" "तेच म्हणतोय मी! घेतलंस का नाही?" त्याने मला खुर्चीवरून जवळजवळ ढकललंच. माइकचा स्टँड ओढत गॅलरीच्या दारात नेला, बाबांच्या तोंडाशी लावला, वायर पायात अडकली, पडता पडता वाचला. "व्हायोलिन कुठे गेले सगळे?" "मी बंद केले." "का?" आणि मग माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हणाले, "कारण मला नाही आवडला तुझा अल्बम. दोन बाजू सोन्याच्या आहेत, सुबोध, सोन्याच्या, आणि पुढे तू नुसता घाबरलायस. जिथे जागा दिसेल तिथे कोंबलंयस. मी रोज हेच करते आणि घरी येऊन आंघोळ करते." इतकं सगळं एका दमात निघून गेलं. मला वाटलं गेला हा माणूस, हातचा गेला. मग तो म्हणाला, "बरं. नंतर. आधी हे घेऊ." फार मऊ आवाजात म्हणाला. "बाबा, परत. परत एकदा लावतो हां. तसंच म्हणायचं." आई काही बोलायला गेल्या. "आई, श्श! आता कोणी बोलायचं नाही." पंखा बंद केला. बटण दाबलं. माइकच्या पेटीवर बारीकसा लाल दिवा लागला, आणि सुबोध ओठांवर बोट ठेवून उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा..." बाबांचा जुना आवाज खोलीत फिरला, मागणं झालं, जागा आली. बाबांनी डोळे वर केले. आईंकडे बघितलं, आईंनी ओठ आवळले होते. माझ्याकडे बघितलं. सुबोधकडे बघितलं, बोट ओठांवर होतं. तीच नजर. काचेच्या अलीकडून बघितलेली तीच. माणसं समोर आहेत आणि कोणी काही म्हणत नाही. जागा निघून गेली. दुसरं मागणं, दुसरी जागा. बाबांचा ओठ थरथरला, लाळ आली, आवाज नाही. सुबोध मानेने खुणावत होता, म्हणा, म्हणा ना बाबा. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याला ते पुसायचंही भान नव्हतं. मला त्याची कीव आली आणि तिडीक आली, दोन्ही एकदम. तिसरं मागणं आलं, "जे गेले, जे रवले, जे हरावले, सगळ्यांची याद ठेव रे म्हाराजा!" आणि मी ओरडले, "व्हय म्हाराजा!" ओठ हलवले नाहीत, ओरडले. घाटकोपरच्या माझ्या घरात इतक्या मोठ्याने कधी कोणी देवाला हाक मारली नसेल. "गंधाली! टेक गेला!" सुबोध किंचाळला. "जाऊ दे!" मी म्हणाले. आणि बाबा हसले. अर्ध्याच तोंडाने, पण हसले. आईंनी पिठाचे हात तसेच जोडले आणि उशिराने, आपल्यापुरतं म्हटलं, "व्हय रे म्हाराजा."

मग शेवटचं मागणं आलं. हे मला आठवतच नव्हतं. काल व्हायोलिनमधून ते मला ऐकूच आलं नव्हतं. "ह्या माज्या झिलान जा काय मांडल्यान हा, माका तेच्यातला काय कळना नाय. पण तेच्या कष्टाक यश दी, नि तेका सुखान झोप लागानदे रे म्हाराजा!" शेवटची जागा सगळ्यात लांब. मी तोंड उघडलं आणि मिटलं. आईही गप्प राहिल्या. आम्ही ठरवलं नव्हतं, पण ते व्हय आमचं नव्हतं, झिलाचं, म्हणजे मुलाचं होतं. बाबांनी अख्खी मान वळवून त्याच्याकडे बघितलं. सुबोधचं बोट अजून ओठांवरच होतं. मला दिसत होतं की ते काढायचं असतं हे त्याला कळत नाहीये. ते बोट तिथेच होतं, आणि रेघ सपाट जात होती, जात होती, आणि मग स्पीकरमधून दुसराच आवाज आला, तरुण, खूश, घाईतला. त्या रविवारचा सुबोधच. "झकास बाबा! एक नंबर! परत घ्यायची गरजच नाही." खट्. रेकॉर्डिंग संपलं.

खोलीत पंख्याचाही आवाज नव्हता. बाबांची नजर त्याच्यावरून हळूहळू निघाली, उन्हाकडे गेली. "मगे," ते म्हणाले, प्रश्न नव्हे, नुसतंच. सुबोधने ओठांवरचं बोट काढलं. माइक बाजूला केला, खाली फरशीवर बसला, बाबांच्या पायाशी, आणि बोलला. "व्हय म्हाराजा." कसाबसा आवाज होता तो. परत म्हणाला, परत म्हणाला, पण गाऱ्हाणं संपलं होतं, आणि बाबा उन्हाकडेच बघत राहिले.